कार्नेशनपाशी थोडा वेळ

या मननाला एकच गोष्ट लागेल : कार्नेशनची एक काडी. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात किंवा मुंबईत दादरला ती गड्डीने मिळते. बुके बांधणाऱ्या कुठल्याही फुलवाल्याकडे मागितली, तर तो एखादी सुटी काढून देईल. रंग कुठलाही चालेल. काडीचं टोक तिरपं कापा, पाण्याच्या ग्लासात ठेवा आणि फूल डोळ्यांसमोर येईल असे बसा.

फूल मिळालं नाही तर आठवणीतलंही चालेल. हे फूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सत्कारसमारंभात ‘पुष्पगुच्छ देऊन स्वागत’ होतं, तेव्हा जरबेरा आणि डच गुलाबाच्या शेजारी गच्च पाकळ्यांचं, कातरलेल्या कडांचं जे फूल असतं, ते हेच. गुच्छ हातात घेतला जातो, फोटो निघतो, गुच्छ टेबलावर जातो. त्यातल्या फुलाकडे बघायचं राहून जातं. आज तेवढंच करायचं आहे : एका फुलाकडे बघायचं, त्याचा वास घ्यायचा, त्याला कोणी काय नाव दिलं आणि त्यात कोणी काय अर्थ पाहिला हे मनात घोळवायचं.

मध्ये मध्ये मी थांबायला सांगेन. तिथे खरंच थांबा. घाई नाही.

आधी नुसतं पाहा

खालून सुरुवात करा. काडी हिरवी आहे, पण तिच्यावर निळसर करडी झाक आहे. अंगठ्याने हलकेच पुसलं तर ती झाक थोडी निघते आणि खालचा गडद हिरवा दिसतो. पानं अरुंद, लांबट, समोरासमोर जोडीनं आलेली. जिथे जोडी फुटते तिथे काडीला फुगीर गाठ आहे. बोट त्या गाठीवर ठेवा. कार्नेशनची काडी मोडते ती बहुतेक याच ठिकाणी. नवी फूट येते तीही इथूनच.

आता वर या. फुलाखाली एक हिरवा पेला आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला निदलपुंज म्हणतात. सगळ्या पाकळ्या या एका पेल्यात बांधलेल्या आहेत. भूमध्य समुद्राच्या काठच्या ज्या रानफुलापासून हे फूल आलं, त्याला पाच पाकळ्या असत. माणसानं शतकानुशतकं निवड करत त्या इतक्या वाढवल्या, की आता पेल्यात जागा पुरत नाही. पॉलिहाऊसमध्ये दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक पडला, तर पाकळ्या जोरात वाढतात आणि पेला उभा चिरतो. चिरलेल्या फुलाला बाजारात भाव नसतो. म्हणून काही ठिकाणी उमलण्याआधीच कळीभोवती बारीक रबर किंवा पट्टी चढवतात. तुमच्या फुलाचा पेला जवळून बघा. अखंड असेल, तर कोणाची तरी त्यावर वेळेवर नजर गेलेली आहे.

पाकळीची कड बघा. ती सरळ नाही, बारीक दातेरी आहे. एकही दाता दुसऱ्यासारखा नाही.

आता काडीच्या वरच्या गाठींकडे परत या. पानांच्या बगलेत, फुलाच्या थोडं खाली, बारीकसा व्रण दिसतो का? तिथे कळी होती. महाराष्ट्रात पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतल्या पॉलिहाऊसमध्ये कार्नेशन होतं. रोप लावल्यावर काही आठवड्यांनी त्याचा शेंडा खुडतात, म्हणजे बाजूनं फुटवे येतात. फुटवे वाढले की ते वाकू नयेत म्हणून वाफ्यावर एकावर एक जाळ्या ताणतात. मग प्रत्येक काडीवर मधली एक कळी ठेवून बाजूच्या कळ्या हातानं काढून टाकतात. या कामाला शेतकरी ‘डिसबडिंग’ असंच म्हणतात. एका फुलाला काडीतलं सगळं अन्न मिळावं, ते मोठं व्हावं, म्हणून ही काढणी. ‘स्प्रे’ नावाच्या प्रकारात उलट करतात : मधली कळी काढतात आणि बाजूच्या फुलू देतात.

तुमच्यासमोर एक मोठं फूल असेल, तर त्याच्यामागे न उमललेल्या काही कळ्या आहेत.

इथे थांबा. आपल्या घरातलं आठवा. कोणाची तरी फी भरता यावी म्हणून कोणी तरी शाळा सोडली होती का? कोणाला शहरात पाठवता यावं म्हणून कोणी गावात राहिलं होतं का? त्या माणसाचं नाव मनात आणा. नाव आलं की पुरे, पुढे काही करायचं नाही. डोळे पुन्हा फुलाकडे न्या.

मग वास घ्या

फूल नाकाजवळ आणा. डोळे मिटा. श्वास सावकाश आत घ्या.

काही जातींना स्पष्ट वास येतो, आणि तो ओळखीचा वाटतो. स्वयंपाकघरातला डबा उघडल्यासारखा. तो लवंगेचा आहे. लवंगेच्या तेलात मुख्य घटक युजेनॉल असतो. दातदुखीवर दाताशी लवंग धरतो, तेव्हा दात बधिर होतो तो त्याच्यामुळे. जुन्या कार्नेशनच्या सुगंधातही हेच युजेनॉल आहे. युरोपात एके काळी या फुलांच्या पाकळ्या वाइनला स्वाद यावा म्हणून पेल्यात टाकत. लवंग फार दुरून, फार महाग येई, आणि हे फूल परसात होई.

तुमच्या फुलाला वास आला नाही, तर ते फुलाचं उणं समजू नका. काडी ताठ हवी, फूल मोठं हवं, प्रवासात टिकायला हवं, पाण्यात दोन आठवडे राहायला हवं, अशी निवड होत गेली आणि तीत सुगंध मागे पडला. वास गेला तरी नावात तो राहिला आहे. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव डायान्थस कॅरिओफायलस. त्यातला दुसरा शब्द ग्रीक ‘कारिओफिलॉन’वरून आला, आणि कारिओफिलॉन म्हणजे लवंग. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याच नावाचा एक मसाला भारतातून येतो असं नोंदवतो. लवंगेची झाडं मुळात आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरची. तिथून भारताच्या बंदरांमार्गे ती पश्चिमेला जाई. ‘कारिओफिलॉन’ हा शब्दच संस्कृत ‘कटुकफल’ अशा एखाद्या शब्दावरून ग्रीकमध्ये गेला असावा, असं काही भाषाभ्यासकांचं मत आहे.

आता हा वास माणसांच्या बोलण्यात किती दूर गेला ते बघा. अरबीत ‘करनफुल’ म्हणजे लवंग आणि हे फूलही. तुर्कीत ‘करानफिल’ म्हणजे दोन्ही. पोर्तुगीजमध्ये ‘क्राव्हो’ म्हणजे दोन्ही. जर्मनमध्ये ‘नेल्के’ म्हणजे दोन्ही. स्पॅनिशमध्ये लवंगेला ‘क्लावो’ म्हणतात आणि फुलाला ‘क्लावेल’. एकमेकांशी व्यापार केलेले, लढलेले, वेगवेगळ्या देवांना मानणारे हे समाज. या सगळ्यांनी हे फूल नाकानं ओळखलं.

यातल्या काही शब्दांचा आणखी एक अर्थ आहे : खिळा. वाळलेली लवंग बारीक खिळ्यासारखी दिसते, हे आपल्यालाही रोज दिसतं. युरोपातल्या चित्रकारांनी हा धागा पुढे नेला. फुलाला लवंगेचा वास, लवंग खिळ्याच्या आकाराची, आणि खिळे म्हटले की येशूचा क्रूस. जर्मनीत म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात लिओनार्दो दा विंचीचं तरुणपणातलं एक चित्र आहे. त्यात मरियम तान्ह्या येशूपुढे लाल कार्नेशन धरते आणि बाळ ते घ्यायला हात पुढे करतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत राफाएलचं एक छोटं चित्र आहे. त्यातही आई-बाळाच्या हातात याच कुळातली फुलं आहेत. बघणाऱ्याला वरवर खेळ दिसतो. चित्रकाराला मात्र माहीत आहे, की बाळ ज्याकडे हात नेतंय ते पुढच्या वेदनेचं चिन्ह आहे, आणि ते त्याच्या आईच्याच हातात आहे.

इथे थांबा. फूल, लवंग, खिळा, क्रूस, आई. एका वासापासून मन इथवर आलं. फुलानं यातलं काही म्हटलेलं नाही. ते ग्लासात होतं तसं आहे.

नाव कोणाचं?

वनस्पतीच्या नावातला पहिला शब्द डायान्थस. अरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानं आपल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात हे नाव वापरलं. ‘दिऑस’ म्हणजे झ्यूसचं, देवाचं, आणि ‘अँथॉस’ म्हणजे फूल. देवाचं फूल. पुढे 1753 साली स्वीडनच्या लिनियसनं वनस्पतींची द्विनाम पद्धत रूढ करणारा ग्रंथ काढला आणि त्यात हे नाव कायम झालं. शास्त्रीय नावात अशा रीतीनं एक देव आणि एक मसाला शेजारी शेजारी बसले आहेत.

‘कार्नेशन’ या इंग्रजी नावाचं मूळ मात्र वादातलं आहे. ते 16व्या शतकात लिहिलेलं दिसू लागतं. एक मत असं, की ते लॅटिन ‘कारो’, ‘कार्निस’ म्हणजे मांस, यावरून आलं : फुलाचा फिकट गुलाबी रंग गोऱ्या माणसाच्या कातडीसारखा, म्हणून. दुसरं मत असं, की ते मुळात ‘कोरोनेशन’ असावं. फुलांचे मुकुट आणि हार गुंफायला ते वापरत म्हणून, किंवा पाकळीची दातेरी कड राजमुकुटासारखी दिसते म्हणून. त्या शतकातल्या इंग्रजी लेखनात या फुलाला ‘कोरोनेशन’ म्हटलेलं आढळतं, त्यामुळे या मतालाही आधार आहे. फ्रेंच माणसानं तिसरंच काही पाहिलं. त्याच्या भाषेत हे फूल ‘अय्ये’, म्हणजे छोटा डोळा. इंग्रजीत गुलाबी रंगाला जो ‘पिंक’ शब्द आहे, तो याच कुळातल्या फुलांच्या नावावरून रंगाला मिळाला. आपण त्या रंगाला गुलाबाचं नाव दिलं, त्यांनी याचं.

ही नावं एकेक करून मनात म्हणा. देवाचं फूल. लवंगफूल. कातडीच्या रंगाचं. मुकुटाचं. डोळ्याचं. प्रत्येक नाव ठेवताना कोणी तरी या फुलासमोर थांबलं होतं. एकानं वास घेतला, दुसऱ्यानं रंग बघितला, तिसऱ्यानं कड. नाव फुलाविषयी थोडं सांगतं, आणि थांबलेल्या माणसाचं लक्ष कुठे होतं ते बरंच सांगतं.

आपल्याकडे या फुलाला मराठी नाव पडलं नाही. जास्वंद गणपतीची, झेंडू दसऱ्याचा, मोगरा गजऱ्यातला. या फुलांना आपल्या देवघरात आणि सणावारात जागा आहे, म्हणून त्यांना शेजारपाजारची नावंही आहेत. कार्नेशन उशिरा आलं. ते पॉलिहाऊसमधून, काडीवर, थेट समारंभाच्या बाजारात आलं. ज्याच्या ग्रीक नावात देव आहे, ते आपल्या कुठल्याच देवाला वाहिलं जात नाही. ही उणीव नाही. आपल्यासाठी या फुलाची जागा अजून मोकळी आहे.

थांबा. तुमच्यासमोरच्या फुलात तुम्हाला सर्वांत आधी काय दिसलं होतं? गाठ? कड? व्रण? रंग? नाव ठेवायची गरज नाही. तुमचं लक्ष कुठे गेलं एवढं फक्त ओळखा.

अर्थ कुठून येतो?

फुलांच्या दुकानात आणि शुभेच्छापत्रांच्या जगात अर्थांची तयार यादी मिळते. लाल म्हणजे प्रेम, पांढरं म्हणजे निर्मळपणा, पिवळं म्हणजे नकार, पट्ट्यांचं म्हणजे माफ करा, जमणार नाही. ही यादी व्हिक्टोरियन काळातल्या हौसेतून आली. ती एकदा वाचावी आणि बाजूला ठेवावी. हेच लाल फूल ऑस्ट्रियात आणि इटलीत 1 मे रोजी कामगार कोटाला लावतात. स्पेनमध्ये जत्रेला जाणारी बाई तेच केसांत माळते. फ्रान्सच्या रंगभूमीवर ते नटाला अपशकुनी मानलं जातं. एका फुलाला इतके अर्थ चिकटतात, तेव्हा त्यातला कोणताही त्याच्या अंगचा नसतो.

पांढरं कार्नेशन असेल तर एक साधा प्रयोग करता येतो. ग्लासातल्या पाण्यात शाई किंवा खाण्याचा रंग घाला. काही तासांत पाकळ्यांच्या कडा रंगू लागतात आणि मग बारीक शिरा उमटतात. काडीतून पाणी वर चढतं ते डोळ्यांना दिसतं. लंडनमध्ये 1892च्या फेब्रुवारीत ऑस्कर वाइल्डच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तेव्हा त्यानं आपल्या मित्रांना असं हिरवं रंगवलेलं कार्नेशन कोटाला लावून यायला सांगितलं होतं. याचा अर्थ काय असं विचारल्यावर, काहीच नाही, अशा आशयाचं उत्तर त्यानं दिल्याचं सांगतात. तीन वर्षांनी पुरुषांवरच्या प्रेमासाठी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. आज हिरवं कार्नेशन ही समलिंगी माणसांची अभिमानाची खूण आहे. ज्या फुलाला अर्थ नाही असं सांगितलं गेलं, त्यात पुढच्या माणसांनी आपलं दुःख आणि आपलं धैर्य ठेवलं.

आता लाल फूल. इथे जरा जास्त वेळ थांबू या, कारण ही गोष्ट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते.

24 एप्रिल 1974च्या रात्री पोर्तुगालमध्ये रेडिओवर एक ठरलेलं गाणं लागलं. मध्यरात्र उलटल्यावर दुसरं लागलं, जोझे अफोन्सोचं ‘ग्रांदोला, विला मोरेना’. ती सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांची खूण होती. 1926पासून त्या देशात हुकूमशाही होती. त्यातला मोठा काळ सालाझारचा, आणि त्याच्यानंतर मार्सेलो कायतानोचा. अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊ इथे तेरा वर्षं वसाहतींचं युद्ध चालू होतं. त्यात तरुण मुलं मरत होती, आणि लढणाऱ्या अधिकाऱ्यांनाच ते पटेनासं झालं होतं. 25च्या पहाटे चिलखती गाड्या लिस्बनमध्ये शिरल्या.

त्या दिवशी शहरातल्या एका रेस्तराँचा पहिला वाढदिवस होता. गिऱ्हाइकांना द्यायला मालकानं कार्नेशनची फुलं आणून ठेवली होती. एप्रिल हा त्या फुलांचा हंगाम. पण रस्त्यावर सैन्य उतरलं, रेस्तराँ बंद ठेवायचं ठरलं, आणि मालकानं कामगारांना सांगितलं, की फुलं वाया जातील, घरी घेऊन जा. सेलेस्त कायेरो ही चाळिशीतली बाई तिथे काम करत होती. ती हातभर फुलं घेऊन निघाली. वाटेत चिलखती गाड्या दिसल्या. तिनं एका सैनिकाला विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, कायतानोला पकडायला निघालोय. मग त्यानं तिच्याकडे सिगारेट मागितली. तिच्याकडे सिगारेट नव्हती. तिनं एक फूल दिलं. सैनिकानं ते बंदुकीच्या नळीत खोवलं. तिनं दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याला दिलं. फुलवाल्या बायकाही देऊ लागल्या. संध्याकाळपर्यंत कायतानोनं शरणागती पत्करली होती आणि लिस्बनभर बंदुकींच्या नळ्यांत लाल फुलं होती. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळीबार केला आणि चार माणसं मेली. ती माणसं विसरून चालणार नाही. तरीही अठ्ठेचाळीस वर्षांची राजवट एका दिवसात, जवळजवळ रक्तपाताविना गेली, आणि तिला नाव मिळालं ते या फुलाचं : कार्नेशन क्रांती.

आता हा धागा आपल्याकडे येतो. गोवा, दमण आणि दीव 1961च्या डिसेंबरात मुक्त झाले होते, पण लिस्बनच्या राजवटीनं ते कधी मान्य केलं नाही. गोव्यासाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात 1969पर्यंत होते. गोवा मुक्त होऊनही ते सुटले नव्हते. त्यांच्या सुटकेसाठी इथे समिती उभी राहिली, तीत सुधीर फडके पुढे होते. त्याच काशियसचे दरवाजे 1974च्या एप्रिलमध्ये, फुलांच्या त्या दिवसानंतर लगेच, राजकीय कैद्यांसाठी उघडले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीला, 31 डिसेंबर 1974 रोजी, नवी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली ही भारताची, हे पोर्तुगालनं मान्य केलं. तेव्हा भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते.

क्रांती फुलानं केली नाही. ती युद्धाला कंटाळलेल्या अधिकाऱ्यांनी आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी केली. पण तो दिवस कसा आठवला जावा, हे एका रेस्तराँतल्या बाईनं ठरवलं, आणि तेही न ठरवता. तिच्याजवळ होतं ते तिनं दिलं. देताना ते फूल होतं, घेतलं गेल्यावर ते चिन्ह झालं.

इथे जरा लांब थांबा. तुमच्या हातात आज काय आहे? कोणी काही मागितलं आणि ते तुमच्याकडे नसलं, तर जे आहे ते देता येईल का? उत्तर लगेच नको. प्रश्न फुलाशेजारी ठेवा.

मिटणं

आता शेवटचा टप्पा. हा कदाचित आज करता येणार नाही, कारण फूल ताजं आहे. पुढे कधी दुसरी काडी आणलीत, तर दोन आठवडे ती समोर ठेवा, एक दिवसाआड पाणी बदला, काडीचं टोक थोडं थोडं कापत राहा. रोज एकदा बघा. गुलाब उतरायला लागला की पाकळ्या टेबलावर गळतात. कार्नेशन तसं करत नाही. एके दिवशी पाकळ्यांच्या कडा आत वळू लागतात. मग सगळं फूल आतल्या बाजूला आकसतं. पाकळ्या पेल्यातच राहतात.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या अ‍ॅना जार्विस या बाईच्या आईला पांढरी कार्नेशन्स आवडत. आई 1905च्या मे महिन्यात गेली. 10 मे 1908 रोजी ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आयांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली. तिथे वाटायला अ‍ॅनानं पाचशे पांढरी कार्नेशन्स पाठवली. मातृदिन तिथून सुरू झाला. 1914 साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो अधिकृत केला. हेच फूल का, याचं अ‍ॅनानं पुढे दिलेलं कारण असं होतं : हे फूल पाकळ्या टाकत नाही, मरताना त्या छातीशी धरतं, आणि आयाही आपल्या मुलांना तशाच धरतात.

आता दुसरी गोष्ट ऐका, त्याच 1908 सालची. शिकागोच्या काचघरांत कार्नेशनची फुलं अवेळी मिटत होती. बागायतदार त्याला फुलांची झोप म्हणत. विल्यम क्रॉकर आणि ली नाइट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी शोध घेतला. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसची गळती हे कारण निघालं, आणि त्या गॅसमधला इथिलीन हा घटक. पुढे कळलं, की इथिलीन वनस्पती स्वतःही तयार करते. फळं पिकतात ती त्याच्यानेच, म्हणून फुलदाणी पिकल्या केळ्यांजवळ ठेवू नये. परागसिंचन झालं की कार्नेशन स्वतःच इथिलीन सोडतं. मग पाकळ्या आत वळतात आणि त्यांच्यात साठलेली साखर तळाच्या बीजकोशाकडे जाऊ लागते. पाकळ्यांचं काम संपलेलं असतं. त्यांच्यातलं जे देण्यासारखं उरलं आहे, ते बी वाढवायला वापरलं जातं.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एका लेकीनं फुलाकडे बघून आई आठवली. दोन शास्त्रज्ञांनी त्याच मिटण्याचं कारण शोधलं. लेक म्हणाली फूल पाकळ्या जपून धरतं. शास्त्र सांगतं, पाकळ्या स्वतःला रिकामं करत पुढच्या जिवाला देतात. शास्त्रानं तिचं म्हणणं खोडलं नाही. ते अधिक खोल नेलं. आधी तुम्ही घरातल्या ज्या माणसाचं नाव मनात आणलं होतं, ते इथे पुन्हा आणा.

अ‍ॅना जार्विसची पुढची गोष्टही ऐकायला हवी. मे महिन्यात फुलांचे भाव चढू लागले. आई हयात असलेल्यांनी रंगीत आणि नसलेल्यांनी पांढरं लावावं, अशी वाटणी रूढ झाली. छापील कार्डं निघाली, मिठाईचे डबे निघाले. अ‍ॅना चिडली. छापील कार्ड पाठवणं म्हणजे आपल्यासाठी सगळ्यांत जास्त केलेल्या बाईला दोन ओळी लिहायचाही कंटाळा करणं, असं ती म्हणत राहिली. आपण सुरू केलेल्या दिवसाच्या बाजाराविरुद्ध ती उरलेलं आयुष्य भांडली, त्यात तिचा पैसा गेला, आणि 1948 साली ती एका सॅनेटोरियममध्ये वारली. आज दक्षिण कोरियात 8 मे रोजी मुलं आईवडिलांच्या छातीवर कार्नेशन लावतात, जपानमध्ये मातृदिनाला लाल कार्नेशन देतात. फूल जगभर गेलं. तिनं मागितलेल्या दोन ओळी मात्र प्रत्येकाला स्वतःच लिहाव्या लागतात.

इतका वेळ या फुलापाशी बसल्यावर मला एक गोष्ट पक्की वाटते. कार्नेशनचा अर्थ काय, हा प्रश्न फुलाला विचारून उपयोग नाही. फुलाजवळ वास आहे, गाठ आहे, दातेरी कड आहे, मिटण्याची एक रीत आहे. अर्थ त्यात माणूस घालतो, आणि तो घालतो ते विचार करून नव्हे, कोणाला तरी ते देऊन. सेलेस्त कायेरोनं दिलं. अ‍ॅना जार्विसनं पाठवलं. ज्यांनी नुसती यादी केली, त्यांची यादी राहिली.

तेव्हा ग्लासातली ही काडी तशीच सुकू देऊ नका. मनात ज्या माणसाचं नाव आलं, ते माणूस हयात असेल तर त्याच्याकडे जा. जाणं जमत नसेल तर ओळखीच्या कोणाहाती पाठवा. सोबत कागदावर दोन ओळी लिहा, स्वतःच्या अक्षरात. ‘माझ्यासाठी तू काय सोडलंस ते मला माहीत आहे’ एवढं लिहिलं तरी चालेल. ते माणूस हयात नसेल, तर त्याच्या मुलांना किंवा भावंडांना द्या, आणि कोणासाठी देताय ते सांगा. पाण्यात ठेवलं तर फूल दोन आठवडे टिकेल. माणसांची तेवढी खात्री देता येत नाही. आजच द्या.